‘औषध’ म्हणतात त्याला

आपल्याकडे शेतकरी कपाशीवर विष मारत नाही, औषध मारतो. दुकानाची पाटी ‘कृषी सेवा केंद्र’ अशी असली तरी गावात पोराला पिटाळताना ‘औषधाच्या दुकानात जाऊन ये’ असंच सांगतात. शहरातल्या चाळींमधून पूर्वी ढेकणांसाठी बाटली यायची, तेही ढेकणाचं औषधच. आणि एखाद्या घरावर आभाळ कोसळतं तेव्हा ओट्यावर बसलेली माणसं आवाज खाली आणून म्हणतात, ‘त्यानं औषध घेतलं.’ आजाऱ्याचं औषध कोणतं आणि हे कोणतं, हे ऐकणाऱ्यानं स्वरावरून ओळखायचं.

बँकेच्या नोकरीतले तीन खरीप हंगाम मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाखेत काढले, १९८९ ते १९९२. पीककर्जाच्या अर्जाला एकरी खर्चाचा तक्ता जोडलेला असे. बियाणं, खत, औषध, मजुरी. काही रक्कम रोख, काही वस्तुरूपानं, म्हणजे दुकानदाराच्या नावे चिठ्ठी. मृगाच्या तोंडावर टेबलासमोर गर्दी व्हायची आणि दर दुसरा माणूस सांगायचा, ‘साहेब, औषधाचे पैसे जास्त धरजा. औंदा अळी लई हाये.’ त्या रकान्याची बेरीज मी इतक्या वेळा केली आहे, की आजही ‘औषध’ हा शब्द दिसला की मला आधी आकडा आठवतो, मग दवाखाना.

हे सगळं आता आठवण्याचं कारण मात्र पुण्यातलं आहे. आमच्या थोरल्या वहिनी ८२ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्या नातवाला मुलाच्या नावानं हाक मारू लागल्या, गॅसवर दूध ठेवून विसरू लागल्या. डॉक्टरांनी अल्झायमरचं निदान केलं आणि डोनेपेझिल नावाची गोळी सुरू केली. गेल्या पावसाळ्यात कुणीतरी कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर एक मजकूर पाठवला: ही गोळी म्हणजे दुसरंतिसरं काही नसून कीटकनाशक आहे, हिचं काम मोनोक्रोटोफॉससारखंच चालतं. झालं! घरात दोन तट पडले. एक म्हणतो गोळी बंद करा, दुसरा म्हणतो असला मजकूर पाठवणाऱ्याचा फोन बंद करा. दोन दिवस गोळी चुकली आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अर्धा तास बसवून सगळ्यांची समजूत घातली.

गंमत अशी की मजकूर अगदीच खोटा नव्हता. ती गोळी आणि कपाशीवरचं ते औषध शरीरात एकाच जागी जाऊन एकाच गोष्टीला हात घालतात. कसा आणि किती घट्ट, यातच सगळा फरक आहे. हा फरक घरोघरी समजला पाहिजे असं मला वाटतं. कारण तो न समजल्यामुळे आपण गोळीला भितो आणि खुंटीला टांगलेल्या बाटलीला भीत नाही.

मज्जातंतूचं टोक आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये एक अतिशय बारीक फट असते. ती ओलांडण्यासाठी मज्जातंतू एक रसायन सोडतो, त्याचं नाव असिटिलकोलीन. हे सिद्ध करणारा प्रयोग ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी या शास्त्रज्ञानं केला, त्याची हकिगत मोठी मजेदार आहे. लोवीला रात्री झोपेत प्रयोगाची कल्पना सुचली. त्यानं कागदावर काहीतरी खरडलं आणि पुन्हा झोपला. सकाळी स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागेना. दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा सुचली, तेव्हा मात्र तो उठून थेट प्रयोगशाळेत गेला. कादंबरीत मी असं लिहिलं असतं तर संपादकानं कापलं असतं. त्यानं बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्याची मज्जा चेतवून त्याची गती मंद केली आणि त्याच्या भोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं. दुसऱ्याला कुणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंदावलं. म्हणजे निरोप द्रवातून गेला होता. प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला, १९३६ साली लोवीला हेन्री डेलसोबत नोबेल मिळालं आणि १९३८ साली नाझींनी त्याला देश सोडू देण्याआधी ते नोबेलचे पैसे आपल्या ताब्यातल्या बँकेत वळते करून घेतले. बँकवाल्याला हा तपशील विसरता येत नाही.

निरोप पोचला, स्नायू आकसला. पुढे काय? इथे मला बँकेतलीच उपमा सुचते. असिटिलकोलीन म्हणजे बेअरर चेक समजा. तो खिडकीवर आला, पैसे दिले गेले. पण चेक वटला की तो ताबडतोब निकामी करावा लागतो. आमच्या वेळी सही खोडून वर ‘पेड’चा शिक्का मारत. तो राहिला तर तोच चेक पुन्हा पुन्हा खिडकीवर येईल आणि संध्याकाळपर्यंत तिजोरी रिकामी होईल. शरीरात हा शिक्का मारणारा कारकून म्हणजे कोलिनएस्टरेज नावाचं विकर. त्याचा एकेक रेणू सेकंदाला असिटिलकोलीनचे हजारो रेणू फोडतो. इतका झपाट्यानं काम उरकणारा कारकून माझ्या सबंध नोकरीत माझ्या वाट्याला आला नाही.

या कारकुनाला अडवणारी जी रसायनं, तीच कोलिनएस्टरेज रोधकं. वहिनींची गोळी त्यातली, मोनोक्रोटोफॉस त्यातलं आणि टोकियोच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ रोजी सोडलेला सरीन वायूही त्यातलाच.

माणसाला या जातीची ओळख एका शेंगेच्या बीमुळे झाली. पश्चिम आफ्रिकेतल्या कालाबार भागात, म्हणजे आजच्या नायजेरियात, आरोपीला हे बी कुटून पाजत. मेला तर गुन्हेगार, वाचला तर निर्दोष. आपल्याकडच्या अग्निदिव्याचाच प्रकार. निर्दोष माणूस बेधडक एका दमात पितो म्हणून त्याला उलटी होते आणि तो वाचतो, भेदरलेला घोट घोट पितो म्हणून मरतो, असं एक स्पष्टीकरण देतात. ते किती खरं कोण जाणे. पण न्यायाची रीत म्हणून ते मला काही कोर्टांपेक्षा फार वाईट वाटत नाही. हे बी स्कॉटलंडला पोचल्यावर एडिंबरोच्या रॉबर्ट ख्रिस्टिसन या प्राध्यापकानं १८५५ साली त्याचा तुकडा स्वतः खाऊन पाहिला. हातपाय लुळे पडू लागले तेव्हा समोर पडलेलं दाढीचं पाणी पिऊन त्यानं उलटी केली, म्हणून बचावला. पुढे त्या बीतून फायसोस्टिग्मिन वेगळं काढलं गेलं आणि १८७७ पासून काचबिंदूवर थेंबांच्या रूपानं वापरलंही जाऊ लागलं. ते नेमकं काय करतं हे १९२६ साली लोवीनंच दाखवलं. ते कारकुनाला अडवत होतं.

मग आली मेरी वॉकर. लंडनजवळ ग्रिनिचच्या सेंट आल्फेज इस्पितळातली ही डॉक्टर. मायस्थेनिया नावाच्या आजारात माणसाचे स्नायू दिवस चढेल तसे थकत जातात. सकाळी ठीक, संध्याकाळी पापण्या मिटतात, एकाचे दोन दिसतात, घास चावता चावता जबडा थांबतो. वॉकरच्या लक्षात आलं की हे चित्र क्युरारे या बाणाच्या विषासारखं दिसतं, आणि क्युरारेवर उतारा म्हणून फायसोस्टिग्मिन माहीत होतं. तिनं १९३४ साली एका रुग्णाला ते टोचलं आणि मिटलेली पापणी उघडली. परिणाम काही तासच टिकला, पण वाट सापडली. या आजारात खिडक्याच कमी झालेल्या असतात. कारकून जरा हळू काम करू लागला की आलेला चेक जास्त वेळ फिरतो आणि उरलेल्या खिडक्यांवर काम भागतं. आजही मायस्थेनियाचे रुग्ण त्याच कुळातलं पायरिडोस्टिग्मिन रोज घेतात आणि नोकरी-संसार करतात.

वाचकांपैकी ज्यांची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल त्यांच्यापैकी अनेकांनी यातलं एक औषध नकळत घेतलेलं आहे. पोट उघडायचं तर स्नायू सैल पाडावे लागतात. काम झालं की भूलतज्ज्ञ निओस्टिग्मिन देऊन ते पुन्हा जागे करतात आणि रुग्ण स्वतःचा श्वास घेऊ लागतो. नाग चावल्यावरही, सर्पविषाच्या लशीच्या जोडीला, हेच निओस्टिग्मिन अॅट्रोपिनसोबत देतात. मण्यारीच्या दंशात मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. नागाचं विष खिडकी अडवतं, मण्यारीचं विष चेक लिहिणाऱ्याचा हातच मोडतं.

वहिनींच्या गोळीबद्दल दोन शब्द सरळ सांगतो, कारण या बाबतीत घराघरांत एक तर फार आशा असते, नाहीतर फार भीती. अल्झायमरमध्ये मेंदूतल्या असिटिलकोलीन बनवणाऱ्या पेशी झडत जातात. चेक थोडे, तर ते जास्त वेळ फिरू द्यावेत, एवढाच डोनेपेझिलचा हिशेब. अमेरिकेत त्याला १९९६ साली मान्यता मिळाली. ते आजार थांबवत नाही. काही जणांना काही काळ थोडं बरं ठेवतं, काहींना काहीच फरक पडत नाही. नाडी मंद होणं, मळमळ, जुलाब, रात्री विचित्र स्वप्नं हे त्रास होऊ शकतात, आणि आता ते का होतात हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल. याच कामासाठी रिव्हास्टिग्मिनची पट्टी पाठीवर लावतात. नवी लावताना जुनी काढायची विसरली तर विषबाधा होऊ शकते, आणि विसरणं हाच ज्या घरातला आजार, तिथे हे दुसऱ्या कुणीतरी पाहायला हवं. लघवी रोखण्याच्या काही गोळ्या, सर्दीच्या काही जुन्या गोळ्या नेमकं उलटं काम करतात, तेव्हा दोन्ही एकदम सुरू असतील तर डॉक्टरांना सांगावं. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञालाही सांगावं. पण गोळी मापात आहे, तिचा कारकुनावरचा हात हलका आहे आणि तो रोज सुटतो-धरतो. म्हणून तिला विष म्हणणं म्हणजे मिठाला समुद्र म्हणण्यासारखं आहे.

आता बाटलीकडे येऊ.

जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनतज्ज्ञ पिकांवरच्या किडीसाठी नवी औषधं शोधत होता. १९३६ च्या डिसेंबरात त्यानं फॉस्फरसचं एक संयुग बनवलं. थोड्याच दिवसांत त्याला आणि त्याच्या साहाय्यकाला अंधुक दिसू लागलं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, श्वास कोंडू लागला. तो टाबुन होता. लष्करानं तो उचलला आणि १९३८ साली सरीन आला. युद्धानंतर त्याच घराण्यातून पॅराथिऑन आणि पुढची ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकं शेतात उतरली. कार्बामेट नावाची चुलत शाखा वेगळी. भोपाळच्या कारखान्यात १९८४ साली जो मिथाइल आयसोसायनेट फुटला तो अशाच एका कार्बामेटचा, कार्बारिलचा, कच्चा माल होता.

दोघांतला फरक असा. कार्बामेट कारकुनाला चहाला नेतो, काही तासांत तो आपणहून परत येतो. ऑर्गनोफॉस्फरस त्याला खुर्चीला बांधतो. ओल्या सुंभाची गाठ जशी वाळल्यावर सुटत नाही तशी ही गाठ वेळ जाईल तशी पक्की होते. काही संयुगांत तीन-चार तासांत निम्मीशिम्मी, काहींत दीडेक दिवसात. तोवर सगळ्या खिडक्यांवर तेच ते चेक वटत राहतात. डोळे पाझरतात, लाळ गळते, घाम सुटतो, उलट्या-जुलाब होतात, नाडी मंदावते. छातीत कफ भरतो आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडू लागतो. स्नायू आधी थरथरतात, मग दमून लुळे पडतात, श्वासाचेसुद्धा. किडीचं जे होतं तेच माणसाचं होतं, कारण कारकून दोघांकडे एकच आहे.

सगळी ऑर्गनोफॉस्फरस सारखी नसतात हेही सांगितलं पाहिजे. मॅलॅथिऑन आपलं शरीर बऱ्यापैकी फोडून टाकतं. डासांच्या अळ्यांसाठी साठवणीच्या पाण्यात टाकतात ते टेमेफॉस माणसाला त्यामानानं फारच सौम्य. म्हणूनच माझं म्हणणं सरसकट ‘रसायनं नकोत’ असं नाही. तीन हंगाम अळीनं खाल्लेली बोंडं आणि ती दाखवायला आलेल्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत. फवारणी नको म्हणणं मला शहाणपणाचं वाटत नाही. माझा आक्षेप वरच्या थरातल्या, अतिजहाल औषधांपुरता आहे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. यांनी कुणी बाटली तोंडाला लावलेली नव्हती. डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत उभं राहून ते फवारत होते आणि तुषार तोंडावर, छातीवर पडत होते. बरेच जण रोजंदारीवरचे मजूर होते. सगळ्यांच्या टाकीत एकच औषध होतं असं नाही. मिश्रणं होती, आणि त्यातली काही या कुळाबाहेरचीही होती. पण प्रोफेनोफॉस आणि मोनोक्रोटोफॉस ही नावं पुन्हा पुन्हा पुढे आली.

त्यानंतर जो तो एकच सल्ला देऊ लागला. हातमोजे घाला, चष्मा लावा, मास्क बांधा, अंगभर कोट घाला, वाऱ्याच्या दिशेनं फवारा. सल्ला चूक नाही. पण देणाऱ्यानं भाद्रपदातल्या विदर्भात, पाठीवर पंधरा-वीस किलोचा पंप घेऊन, पिकातल्या कोंदट उकाड्यात तो रबरी पोशाख एकदा दुपारपर्यंत घालून दाखवावा. चष्म्यावर वाफ धरते आणि समोरचं दिसेनासं होतं. मजुराला टाक्यांच्या हिशेबानं पैसे मिळतात, कपड्यांच्या हिशेबानं नाही. जे औषध सुरक्षित वापरायला असा पोशाख हवा आणि असा पोशाख जिथे घालणं शक्य नाही, ते औषध तिथे विकायचंच नाही, हा साधा व्यवहार आहे. बँकेत आम्ही ज्याची वसुली अशक्य ते कर्ज मंजूर करत नसू आणि वर कर्जदाराला जपून राहण्याचं व्याख्यान देत नसू. निदान नियम तसा होता!

बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतलं दुपारचं जेवण जेवून २३ मुलं मेली. तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. त्या मुलांना कोणता चष्मा लावायला हवा होता?

आणि तिसरे ते, ज्यांच्याबद्दल ओट्यावर आवाज खाली जातो. ‘ज्याला मरायचंय तो कुठूनही मरतो’ हे वाक्य मी बँकेत, चहाच्या टपरीवर, साहित्य संमेलनाच्या मंडपातही ऐकलं आहे. ते खोटं आहे आणि ते खोटं असल्याचा पुरावा आपल्या शेजारच्या श्रीलंकेत आहे. त्या देशानं १९९५ पर्यंत सर्वांत जहाल वर्गातली कीटकनाशकं बाजारातून काढली, १९९८ मध्ये एंडोसल्फान काढलं, २००८ नंतर आणखी काही. वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. त्या वर्षांत तिथली दुःखं संपली नव्हती. देशात यादवी होती, सुनामी आली, कर्ज होतं, दारू होती. भाताचं उत्पादनही बंदीमुळे कोसळलं नाही. झालं एवढंच, की रागाच्या किंवा निराशेच्या त्या तासाभरात हाताशी होतं ते कमी जहाल होतं, आणि माणूस दवाखान्यापर्यंत जिवंत पोचला. तो तास टळला की बहुतेकांना पुन्हा जगायचं असतं. माझ्याकडे हप्ते थकलेली माणसं यायची. सकाळी ज्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता तो संध्याकाळी कर्जाचं पुनर्गठन होईल एवढं कळल्यावर कपभर चहा पिऊन, बैल विकू की नको याची चर्चा करून जायचा. ज्यांना बोलायला कुणी नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलीमानस ही फोनसेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६. हा क्रमांक औषधाच्या दुकानात दर्शनी भागात लावायला काय हरकत आहे?

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. केंद्र सरकारनं २०१८ साली १८ कीटकनाशकांवर बंदी जाहीर केली. मिथाइल पॅराथिऑन, कार्बारिल ही त्यातली. फोरेट, ज्याला आपले शेतकरी थिमेट म्हणतात, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस यांना २०२० च्या अखेरपर्यंत मुदत होती. २०२३ साली मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्क्यांचं द्रावण बंद करण्याचा आदेश निघाला, शिल्लक साठा मुदत संपेपर्यंत विकण्याची मुभा ठेवून. गंडामननंतर दहा वर्षांनी! आणि भाजीपाल्यावर ते वापरायला मनाई होऊनही कैक वर्षं लोटली होती. एकाच बाटलीवर ‘कपाशीला चालेल, वांग्याला चालणार नाही’ असं बारीक अक्षरात छापून नियम पाळला गेला असं समजणाऱ्या माणसाला मी एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसवू इच्छितो. लाल त्रिकोणाची औषधं, म्हणजे अतिजहाल वर्ग, एकेक करून दहा-दहा वर्षांनी काढण्याऐवजी सगळा वर्गच श्रीलंकेसारखा एकदम काढावा आणि त्याच हंगामात पर्यायी औषध, सापळे, सल्ला त्याच दुकानातून, त्याच कर्जातून मिळेल अशी सोय करावी, एवढं माझं मागणं आहे. कर्जाच्या तक्त्यातला तो रकाना बदलणं कृषी खात्याला आणि बँकांना मिळून एका बैठकीत जमण्यासारखं आहे. अशा बैठकांना मी बसलेलो आहे. त्यांत याहून क्षुल्लक गोष्टींवर दोन दोन दिवस गेलेले आहेत.

ते होईपर्यंत माणसं दवाखान्यात येतच राहणार. १९९१ च्या सप्टेंबरातली एक रात्र मला लख्ख आठवते. आमच्या एका खातेदाराच्या शेतात सकाळपासून फवारणाऱ्या बावीस-तेवीस वर्षांच्या मजुराला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात आणलं. शाखेची जीप हाताशी होती म्हणून मला बोलावणं आलं. दवाखान्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, त्या काळी सगळीकडे हेच होतं. तरुण डॉक्टर एकटा होता. त्यानं कपडे काढून साबणानं अंग धुवायला लावलं आणि अॅट्रोपिन सुरू केलं. अॅट्रोपिन हे बेलाडोनातलं औषध, आपल्या धोतऱ्यातही त्याचीच भावंडं. ते कारकुनाला सोडवत नाही, लाळेच्या, कफाच्या, हृदयाच्या खिडक्या तेवढ्या बंद करतं. चेक साचोत, पैसे जाणार नाहीत. मात्रा मात्र दांडगी लागते. आपल्याकडच्या कुपीत ०.६ मिलिग्रॅम असतं. आजची पद्धत अशी, की तीन ते पाच कुप्यांनी सुरुवात करायची आणि छाती मोकळी होत नसेल तर दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करायची. तीन, सहा, बारा, चोवीस: पंधरा मिनिटांत पंचेचाळीस कुप्या. चक्रवाढ व्याजाची एवढी वेगवान वाढ आम्ही सावकाराकडेही पाहिली नव्हती. त्या रात्री कपाटात डझनभर कुप्या होत्या. गावातल्या दोन्ही केमिस्टांना उठवून शटर उघडायला लावलं, तेव्हा पहाटेपर्यंत छाती मोकळी झाली.

गाठ वाळण्याआधी ती सोडवणारं दुसरं औषध म्हणजे प्रालिडॉक्झिम, दवाखान्यातल्या बोलीत ‘पॅम’. अमेरिकेत १९५० च्या दशकात आयर्विन विल्सन आणि सहकाऱ्यांनी ते शोधलं. त्याच्याबद्दल डॉक्टरांत अजून वाद आहे. बारामतीच्या एका रुग्णालयात २०० रुग्णांवर झालेला अभ्यास २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. सतत मोठ्या मात्रेत दिलेल्या शंभरांत एक दगावला, थांबून थांबून दिलेल्या शंभरांत आठ. पुढे श्रीलंकेतल्या २००९ च्या अभ्यासात मात्र काहीच फायदा दिसला नाही. विष कोणतं, किती, आणि रुग्ण किती उशिरा आला, यावर बहुधा सगळं ठरतं. अॅट्रोपिन आणि श्वासाचं यंत्र यांबद्दल मात्र वाद नाही. या दोन गोष्टी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात खरिपाच्या आधी मोजून ठेवलेल्या असाव्यात, जसं आम्ही बाजाराच्या दिवसाआधी रोकड मोजून मागवत असू.

घरच्यांनी करायचं थोडंच असतं. शेतातून बाहेर काढा, कपडे उतरवा, साबण-पाण्यानं धुवा, कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. मीठपाणी, दूध, तूप, ताक यांतलं काही पाजू नका, उलटी काढायला घशात बोटं घालू नका. आणि बाटली बरोबर न्या, रिकामी असली तरी, कारण आतलं औषध या कुळातलं आहे की नाही यावर पुढचे उपचार ठरतात.

तो मुलगा तिसऱ्या दिवशी उठून बसला. भाकरी खाल्ली, बापाशी बोलला. बाप म्हणाला, आता घरी नेतो, मजुरी बुडते. त्याच संध्याकाळी त्याचा श्वास थांबला. यंत्र जिल्ह्याच्या गावी होतं, ७० किलोमीटरवर. आमच्या कोणत्याच खातेवहीत त्याचं नाव नव्हतं, कारण सातबारावर नव्हतं. पहिला जोर ओसरल्यावर एक ते चार दिवसांनी मानेचे, दंडाचे आणि श्वासाचे स्नायू अचानक लुळे पडतात, हे श्रीलंकेच्या डॉक्टरांनी १९८७ सालीच लिहून ठेवलं होतं. त्याची पहिली खूण ओळखायला यंत्र लागत नाही, विद्याही लागत नाही. रुग्ण हसत-बोलत असला तरी त्याला उताणं झोपवून उशीवरून मान उचलायला सांगायचं. मान उचलली जात नसेल तर त्याला घरी न्यायचं नाही. जिथे श्वासाचं यंत्र आहे तिथे, त्याच घटकेला, न्यायचं.